एडिट केल्यावर कॅप्शन्स जातात कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका व्याख्यानमालेची जुनी रेकॉर्डिंग्ज तुम्ही संस्थेसाठी एडिट करताय. आलेल्या एमपीफोर फाइलमध्ये मराठी क्लोज्ड कॅप्शन्स आहेत, व्हीएलसी प्लेअरमध्ये त्या चालू-बंद होतात. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन स्वागत-सत्कार कापलेत, एक्स्पोर्ट केलंत आणि कॅप्शन्स गायब. मग संस्थेकडून मिळालेली एसआरटी (कॅप्शनचा मजकूर आणि त्याच्या वेळा असलेली वेगळी फाइल) जोडलीत, तर ती सुरुवातीपासूनच चुकलेली आणि पुढे आणखी चुकत गेली. शेवटी वैतागून अक्षरं चित्रावरच छापलीत, तर 'किर्लोस्करवाडी'ची पहिली वेलांटी 'क'च्या डावीकडे यायचं सोडून उजवीकडे, मागे जाऊन बसली. एक्स्पोर्टचं कुठलं सेटिंग चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एक्स्पोर्टच्या सेटिंगचा संबंध त्यातल्या फार तर दीड दुखण्याशी आहे.

आधी गायब होण्याचं बघू. कॅप्शन राहते कुठे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कटकट संपते. ती चित्राच्या पिक्सेलमध्येच छापलेली असेल तर तिला कोणी काढू शकत नाही. ती फाइलच्या डब्यात चित्र आणि आवाजाच्या शेजारी तिसरा ट्रॅक म्हणून असू शकते. तुमच्या एमपीफोरमध्ये तसंच आहे. ती एसआरटीसारख्या वेगळ्या फाइलमध्ये असू शकते. आणि चौथी जागा म्हणजे चित्राच्या डेटात लपवलेली, अमेरिकी टीव्हीवाल्यांची ६०८ आणि ७०८ पद्धत. अ‍ॅनालॉग काळात हा मजकूर चित्राच्या २१व्या ओळीत दडवून पाठवायचे, म्हणून ६०८ ला आजही जुने लोक 'लाइन ट्वेंटीवन' म्हणतात.

तुम्ही एमपीफोर टाइमलाइनवर टाकलीत तेव्हा प्रीमियरने चित्र घेतलं, आवाज घेतला, तिसऱ्या ट्रॅककडे बघितलंही नाही. म्हणजे कॅप्शन्स एक्स्पोर्टमध्ये हरवल्याच नाहीत, त्या दारातच राहिल्या. एक्स्पोर्टची सेटिंग्ज रात्रभर उलटीपालटी केलीत तरी जे टाइमलाइनवर नाही ते बाहेर कसं येणार?

तेव्हा एडिटला बसण्याआधी पहिलं काम, फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलच्या पोटात काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघायची. 'टेक्स्ट' असा विभाग दिसला की आत ट्रॅक आहे. तो एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या सॉफ्टवेअरने एसआरटी म्हणून बाहेर काढायचा. चित्राला हात लागत नाही, काही सेकंदांचं काम. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात व्हिडिओ फाइल टाकली तरी ते ट्रॅक वाचतं. ६०८ वगैरे लपवलेला मजकूर असेल तर सीसीएक्स्ट्रॅक्टर हे सॉफ्टवेअर. व्हिडिओ तुमच्याच यूट्यूब चॅनेलवर असेल तर स्टुडिओतून एसआरटी थेट उतरवता येते.

ही बाहेर काढलेली फाइल म्हणजे तुमची मूळ प्रत. तिला नीट नाव द्या, व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि तिची एक नक्कल बाजूला काढा. यापुढे व्हिडिओ कितीही वेळा रेंडर होवो (म्हणजे त्याची नवी फाइल बनो), मजकुराचा मालक ती फाइल आहे. छापलेली अक्षरं, यूट्यूबवरचा ट्रॅक, पेनड्राइव्हवरची प्रत या सगळ्या तिच्या झेरॉक्स. मी बघितलेल्या निम्म्या घोळांचं मूळ हेच असतं की मजकूर फक्त छापलेल्या व्हिडिओत शिल्लक आहे आणि अध्यक्षांच्या नावातली एक वेलांटी सुधारायला कोणाकडेच काही नाही.

आता सरकणाऱ्या एसआरटीबद्दल. यावर जरा थांबतो, कारण इथे लोक फ्रेम रेटवर (सेकंदाला किती चित्रं, त्यावर) संशय घेऊन दोन-दोन दिवस घालवतात. एसआरटीत फ्रेम नसतात, तास-मिनिटं-सेकंद आणि मिलिसेकंद असतात. तुम्ही २५ फ्रेमचा व्हिडिओ ३० फ्रेमने एक्स्पोर्ट केला आणि त्याची एकूण लांबी तीच राहिली, तर एसआरटी एका केसानेही सरकत नाही.

तुमचं गणित साधं आहे. तुम्ही लिहिलंय की स्वागत, दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ मिळून ४ मिनिटं १० सेकंद कापले, सुरुवातीला संस्थेचं बोधचिन्ह १२ सेकंद जोडलं आणि मध्ये माइक बंद पडला होता तो १ मिनिट ३५ सेकंदांचा तुकडा काढला. जुनी एसआरटी जुन्या घड्याळाने चालते. म्हणजे व्याख्यान सुरू झाल्यापासून प्रत्येक ओळ ३ मिनिटं ५८ सेकंद उशिरा येणार आणि माइकच्या जागेनंतर हा उशीर एकदम ५ मिनिटं ३३ सेकंद होणार. 'पुढे आणखी चुकत जाते' म्हणजे हळूहळू नव्हे, एका पायरीने. टाइमलाइनवर तपासा, पायरी नेमकी तुमच्या कटवर सापडेल.

निदान करायची माझी पद्धत अशी: तीन ठिकाणी मोजायचं. पहिल्या पाच मिनिटांत एक ओळ, मध्यावर एक, शेवटाकडे एक. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर सगळी फाइल एका झटक्यात मागे-पुढे सरकवायची. (फरक बरोबर एक तासाचा असेल तर टाइमलाइनचा टाइमकोड, म्हणजे तिचं घड्याळ, शून्याऐवजी एक तासापासून सुरू होतोय, टीव्हीच्या कामात तशी रीत आहे.) फरक पायऱ्यांनी बदलत असेल तर कट. आणि फरक खरोखरच थोडाथोडा वाढत असेल, तरच फ्रेम रेटकडे वळायचं. त्यातही आकडा बोलतो. तासाला साधारण ३.६ सेकंद असेल तर कुणीतरी २३.९७६ ला २४ किंवा २९.९७ ला ३० धरलंय. तासाला जवळजवळ अडीच मिनिटं असेल तर २४ आणि २५ ची गल्लत, म्हणजे चित्राचा वेगच बदललाय. या दोन्हींवर सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलायचा पर्याय आहे, किंवा पहिली आणि शेवटची ओळ जुळवली की मधलं सगळं ते सॉफ्टवेअरच ताणून बसवतं. आकडा यापैकी कुठलाच नसेल आणि रेकॉर्डिंग मोबाइलवरचं असेल, तर फोनने फ्रेम रेट कमी-जास्त केलेला असतो. ते आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्यायचं, मगच एडिटला बसायचं.

तुमच्या फाइलवर उपाय दोन. एडिट अजून बदलणार असेल तर न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग नव्या टाइमलाइनवर ठेवा, मूळ एसआरटी कॅप्शन ट्रॅकवर घ्या, जुळतेय हे बघा आणि मग कापा. कॅप्शन ट्रॅकला कुलूप नको आणि सिंक लॉक (ट्रॅक एकत्र सरकवणारी खूण) चालू हवा, तरच रिपल डिलीट (तुकडा काढून राहिलेली फट आपोआप मिटवणं) केल्यावर मजकूरही त्याच मापाने कापला जातो. २०२१ च्या सुरुवातीला प्रीमियरने कॅप्शनला टाइमलाइनवर स्वतंत्र ट्रॅक दिला, तेव्हापासून हे सुखाचं झालंय. त्याआधी हा प्रकार म्हणजे निव्वळ भोग होता. काम संपलं की तिथूनच नवी एसआरटी काढायची. एडिट पक्का झाला असेल तर एवढाही खटाटोप नको. सबटायटल एडिटमध्ये माइकनंतरच्या सगळ्या ओळी निवडून ५ मिनिटं ३३ सेकंद मागे, आधीच्या सगळ्या ३ मिनिटं ५८ सेकंद मागे, झालं.

कट जिथे कॅप्शनच्या मधून गेलाय तिथे मात्र हाताने बघा. अर्धं वाक्य तीन फ्रेमपुरतं चमकून जातं. एक सेकंदाहून छोट्या ओळींची यादी काढली की असे सगळे उंदीर बिळाबाहेर येतात.

आणि एक ताकीद. पुढच्या वेळी कॅप्शन लिहायला बसायचं ते चित्र कायम झाल्यावर. कार्यकारिणीतल्या कोणालातरी 'आभार तेवढे परत घाला' असं आठवणारच असतं. ते आठवून होऊ द्या.

तिसरं दुखणं देवनागरीचं. हे आपल्या वाट्याला खास आलेलं, त्यामुळे परदेशी ट्यूटोरियलमध्ये याचं नाव सापडत नाही.

६०८ मध्ये एका ओळीत ३२ अक्षरं बसतात आणि ती रोमनच. देवनागरीची तिथे सोयच नाही. म्हणून प्रीमियर नवा कॅप्शन ट्रॅक बनवताना प्रकार विचारतो तेव्हा मराठीसाठी 'सबटायटल' निवडायचं, ६०८ नाही. एक्स्पोर्टच्या वेळी 'एम्बेड' (कॅप्शन फाइलच्या आतच भरणं) हा पर्याय एच.२६४ ला, म्हणजे नेहमीच्या एमपीफोरला, मिळत नाही म्हणून हळहळायचंही कारण नाही, तो क्विकटाइम आणि एमएक्सएफमध्ये टीव्हीवाल्यांसाठी आहे. तुमच्यासमोर दोनच रस्ते: वेगळी फाइल किंवा छपाई. वेगळी फाइल काढताना स्टायलिंगची खूण काढून टाका, नाहीतर काही प्लेअर कोनी कंसातले टॅग जसेच्या तसे पडद्यावर दाखवतात.

वेलांटी मागे जाते, रफार सुटतो, जोडाक्षराचा पाय मोडून दिसतो, त्याला फॉन्ट क्वचितच जबाबदार असतो. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन निवडायची जागा आहे. तिथे युरोपीय आणि पूर्व आशियाई असं असेल तर दक्षिण आशियाई करा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. आवृत्तीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते, पण शब्द तेच. एफएफएमपेगने छापत असाल तर त्यामागची लिबास नावाची लायब्ररी हार्फबझ वापरून जोडाक्षरं लावते, तिथे सहसा तक्रार येत नाही, फक्त फॉन्ट मशीनवर हवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त दोन्ही फुकट आहेत आणि लहान आकारातही वाचता येतात.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. एका संस्थेच्या वर्धापनदिनाची फिल्म होती. माझ्या मशीनवर सगळं व्यवस्थित, म्हणून रात्री रेंडर दुसऱ्या मशीनवर लावला, सकाळी पेनड्राइव्ह घेऊन थेट सभागृहात. त्या मशीनवर टेक्स्ट इंजिन युरोपीय होतं. पहिल्याच ओळीत पाहुण्यांच्या नावातले जोड सुटून पाय मोडलेली अक्षरं एकामागे एक उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, 'हे कानडी आहे का?' तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या दहा सेकंदांत एक चाचणीची ओळ असते: किर्लोस्करवाडी, वऱ्हाड, दऱ्या, स्त्री, ज्ञानेश्वर, कर्तृत्व. ही ओळ धड उमटली तर बाकी सगळं उमटतं. रेंडर होणाऱ्याच मशीनवर दहा सेकंद काढायचे, बघायचे, मग ती ओळ पुसून पूर्ण रेंडर लावायचा. 'दऱ्या' मुद्दाम घातलाय. त्यातला अर्धा र नीट टाइप केला नसेल किंवा इंजिनाला कळला नाही, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा 'दर्या' होतो आणि श्रोता डोंगरावरून समुद्रात पडतो.

फाइलच्या पोटातल्याही दोन भानगडी सांगून ठेवतो. एसआरटी नेहमी यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, जिच्यात देवनागरी टिकते) सेव्ह करा. जुन्या विंडोजचं नोटपॅड आपणहून एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह करायचं आणि मराठीची प्रश्नचिन्हं व्हायची. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये ते सुधारलं. फरक ओळखायला शिका: ओळभर प्रश्नचिन्हं म्हणजे मजकूर गेला, परत येत नाही, मूळ प्रतीकडे जा. वरती तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा दिसतोय म्हणजे मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडा. आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आला असेल (पुण्यात छापखान्याशी संबंध असलेल्या कोणाकडूनही येतो), तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर कॅप्शनमध्ये रोमन अक्षरांचा भुगा दिसेल.

दुसरी भानगड जास्त गोड आहे. एक निवृत्त शिक्षक, कॅप्शन टाइप करून द्यायला स्वतःहून पुढे आले. शुद्धलेखन असं की एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. फाइल मात्र कुठल्याच प्लेअरमध्ये चालेना. तासाभराने लक्षात आलं की सरांनी मराठी कीबोर्ड चालू ठेवून वेळाही मराठी अंकांत लिहिल्या होत्या. मी इथे लिहिताना ००:०१:२३,४०० असं लिहीन, पण फाइलमध्ये हे अंक इंग्रजीच लागतात, आणि मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम. संस्थेच्या वेबसाइटवर स्वतःचा प्लेअर असेल तर ब्राउझरला एसआरटी चालत नाही, वेबव्हीटीटी लागते. तिथे पहिल्या ओळीत तिचं नाव रोमन मोठ्या अक्षरांत आणि स्वल्पविरामाच्या जागी टिंब. सबटायटल एडिट हे बदलून देतं.

ओळीच्या लांबीचे इंग्रजी नियम जसेच्या तसे लावू नका. इंग्रजीत ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा सर्रास धरतात, पण सॉफ्टवेअर मराठी मोजताना प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त वेगळा मोजतं. 'किर्लोस्करवाडी' त्याच्या लेखी १४ अक्षरं, आपल्या डोळ्याला सहा. म्हणून 'वाचनाचा वेग जास्त' अशी लाल खूण दिसली की घाबरून मजकूर छाटत बसू नका, एकदा स्वतः वाचून बघा. मी दोनच ओळी ठेवतो, सात सेकंदांपेक्षा जास्त एक कॅप्शन नाही. दोन ओळींतलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

ओळ तोडायची कुठे, हे मराठीत व्याकरणापेक्षा प्रसंगावधानाचं काम आहे. आपला नकार शेवटी येतो. 'त्या ठरावाला आम्ही पाठिंबा दिला' एका कॅप्शनमध्ये आणि 'नव्हता' पुढच्या, असं झालं तर दोन सेकंद वक्त्याने विरोधकांना पाठिंबा दिलेला असतो. वाक्य लांब असेल तर आधी तोडा, क्रियापद आणि नकार एकत्र ठेवा.

आता द्यायचं कोणाला, त्यावर एक्स्पोर्ट. यूट्यूबला स्वच्छ एमपीफोर आणि सोबत एसआरटी, भाषा मराठी निवडून. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तुकड्यांना छापूनच द्या, शेजारची फाइल तिथे टिकत नाही. सभागृहात प्रोजेक्टर किंवा पेनड्राइव्हने टीव्हीवर दाखवायचं असेल तरीही छापूनच; देवनागरी एसआरटीच्या जागी ओळभर रिकामे चौकोन दाखवणारे टीव्ही मी बघितलेत. छापताना वक्त्याच्या नावाची पट्टी येते त्या सेकंदांत कॅप्शन वर सरकवा. संस्थेच्या संग्रहासाठी, तुम्हाला आली होती तशीच, आत ट्रॅक असलेली एमपीफोर हवी असेल तर एक्स्पोर्टनंतर एफएफएमपेगने व्हिडिओ आणि नवी एसआरटी एका डब्यात भरा. चित्र-आवाज 'कॉपी' सांगायचं, मजकुराला 'एमओव्ही टेक्स्ट' (mov_text), भाषेची खूण 'एमएआर'. पुन्हा रेंडर नाही, दर्जा घटत नाही. ट्रॅक कोणते घ्यायचे ते 'मॅप'ने स्पष्ट सांगा, न सांगितल्यास तो प्रत्येक प्रकारचा एकेकच उचलतो. दोन भाषांच्या कॅप्शन्स असल्या की एक गुपचूप गळते.

संस्थेत कोणी 'एवढं कशाला' म्हणालं तर सांगा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२व्या कलमात क्लोज कॅप्शनचा उल्लेख आहे. तेवढ्याने नाही पटलं तर श्रोतृवर्गाकडे बोट दाखवा. पुण्याला व्याख्यानाची सवय न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासूनची, आणि पहिल्या दोन रांगांचं सरासरी वयही साधारण त्याच मानाने.

माझे वडील त्या रांगेतले. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, तरी टीव्हीवर ओठ आणि अक्षरं दोन्ही बघतात. मी कॅप्शन केलेलं पहिलं व्याख्यान त्यांना दाखवलं तेव्हा मध्येच थांबवून म्हणाले, 'हे सगळे का हसले?' वक्त्याने काही विनोद केलाच नव्हता. बाहेर नदीपात्रात ढोलपथकाचा सराव सुरू झाला होता, त्या आवाजाला वक्ता नुसता थांबला, त्याने घड्याळ बघितलं आणि सभागृह हसलं. माझ्या कॅप्शनमध्ये यातलं काहीच नव्हतं, कारण मी फक्त बोललेले शब्द लिहिले होते. ते सबटायटल झालं. क्लोज्ड कॅप्शनमध्ये [दूरवर ढोल-ताशांचा सराव], [हशा], [टाळ्या] आणि पडद्याबाहेरून कोणी बोललं तर कोण बोललं, हे लागतं. तुमच्या एसआरटीत अशा ओळी आहेत का बघा. नसतील तर पायऱ्यांची दुरुस्ती झाल्यावर, छापायच्या आधी, त्या घाला. माइक बंद पडल्यानंतरचा वक्त्याचा पहिला शेरा तुम्ही ठेवलाय असं तुम्हीच लिहिलंय. कशाबद्दलचा शेरा, हे ऐकू न येणाऱ्याला कळायला तिथे एक ओळ लागेल.